४० लिटरची सॅक: चार देश, पाच महिने वापरल्यानंतर

नोव्हेंबरात मुंबईहून बँकॉकला निघाले तेव्हा ही सॅक कोरी करकरीत होती. मार्चअखेर परतले तेव्हा तिचा तळ घासून पांढरा पडला होता आणि उजव्या पट्ट्याला हनोईत बसवलेलं चामड्याचं ठिगळ होतं. थायलंड, लाओस, व्हिएतनाम, कंबोडिया एवढ्या प्रवासात दुसरं सामान नव्हतंच, त्यामुळे तिचे गुणदोष मला पाठ झालेत.

पुण्यात ३,४०० रुपयांना घेतली. रिकामं वजन सव्वा किलो. घरी सगळे म्हणत होते, साठ लिटरची घे. सह्याद्रीत तंबू, भांडी न्यायची असली की मीही साठचीच नेते. पण इथे रोज रात्री डोक्यावर छप्पर असतं आणि स्वस्तातल्या विमान कंपन्या केबिनमध्ये बहुधा ७ किलोच नेऊ देतात. मोठी सॅक घेतली की ती भरतेच. मुंबईत काट्यावर माझी ७.८ भरली; जॅकेट अंगात घातलं, चार्जर खिशात टाकले आणि सुटले. पुढे च्यांग माईत जीन्स आणि जादाचे बूट गेस्ट हाउसच्या मावशींना देऊन टाकले. जाड टॉवेल नेऊच नका. साधा सुती पंचा दोन तासांत वाळतो, बसमध्ये पांघरूण होतो, देवळात खांद्यावरून घेता येतो.

सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे ही सॅक सुटकेससारखी पूर्ण उघडते. रात्री डॉर्मिटरीत बाकीचे झोपलेले असताना मोजे शोधायला सगळं उपसावं लागत नाही. चेनला दोन रनर असल्याने छोटं कुलूपही लागतं. आणि पाठीला टेकणाऱ्या बाजूला आतून एक सपाट कप्पा आहे, त्यात डॉलर ठेवले होते. कंबोडियात डॉलर सर्रास चालतात, सुटे मात्र रिएलमध्ये मिळतात, साधारण डॉलरला ४,००० च्या हिशेबाने. पण नोट जराशी फाटलेली असेल तर कुणी घेत नाही. माझ्या नोटा पाच महिने इस्त्री केल्यासारख्या राहिल्या. थायलंडमध्ये एटीएम परदेशी कार्डावर दर वेळी २२० बाट कापत होतं, म्हणून एकदाच जास्त काढायचे. कुठल्याही देशात मशीन ‘रुपयांत हिशेब करू का’ विचारेल, तिथे नाही म्हणा. त्यांचा दर हमखास महाग असतो.

आता दोष. रेन कव्हर सोबत येतं, पण ते फक्त बाहेरची बाजू झाकतं. मध्य व्हिएतनाममध्ये ह्वे शहरात जानेवारीतही दिवसभर रिपरिप होती. पाणी मानेवरून ओघळत पाठीकडच्या कापडात मुरलं आणि आतले कपडे ओले झाले, कोंदट वास आठवडाभर गेला नाही. तेव्हापासून प्रत्येक गोष्ट आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि मग सॅकमध्ये.

लाओसमध्ये हुआय सायहून लुआंग प्राबांगला मेकाँगमधून जाणारी संथ बोट दोन दिवस घेते, मधली रात्र पाकबेंगला. सामान फळ्यांखाली, इंजिनाशेजारी जातं. पासपोर्ट, पाणी आणि एक गरम कपडा वरच ठेवा. डिसेंबरात सकाळी नदीवर हुडहुडी भरते. हनोईतही स्वेटर लागलाच. पाकबेंगला सॅक हातात आली ती डिझेलचा वास घेऊनच. पण ते दोन दिवस मी पुन्हा काढीन. दोन्ही काठांना डोंगर, मधूनच वाळूवर उतरणारी माणसं आणि मांडीवर चिकट भाताचा डबा. तो भात मी मेतकूट घालून खाल्ला. शाकाहारी असाल तर मेतकूट आणि खाकरे जरूर न्या, आणि दोन शब्द शिका: थायलंडमध्ये ‘जे’, व्हिएतनाममध्ये ‘चाय’.

लुआंग प्राबांगहून व्हिएन्तियानला २०२१ साली सुरू झालेली रेल्वे आहे. ज्या वाटेवर बसला दिवस जायचा तिथे दोन तास पुरतात. मात्र तपासणीत कात्री आणि स्प्रेचे डबे काढून घेतात. माझी शिवणाच्या डबीतली कात्री तिथेच गेली, आणि नेमका पुढच्याच आठवड्यात हनोईत उजवा पट्टा वरच्या शिवणीतून निसटला. ही मोठी चूक आहे. सगळा भार जिथे येतो तिथे कंपनीने एकच सरळ टीप मारली होती.

हनोईच्या जुन्या भागात फुटपाथवर एक काका चपला शिवत बसले होते. त्यांनी जुना दोरा उसवला, आतून चामड्याचा तुकडा लावला, चौकोन शिवला आणि चौकोनात फुली मारली. मग सॅक पट्ट्याला धरून स्वतः दोनदा हिसडली. मजुरी ४०,००० डाँग. मी दोन निळ्या नोटा दिल्या. त्यांनी एक खिशात टाकली, दुसरी माझ्यासमोर धरून शून्यांवर बोट फिरवलं आणि परत केली. ती पाच लाखांची होती. २०,००० आणि ५,००,००० या दोन्ही नोटा निळ्या आहेत. गडबडीत फरक कळत नाही. पाच लाख म्हणजे माझा दोन दिवसांचा खर्च. त्या काकांना मी हात जोडले. तेव्हापासून पाच लाखांच्या नोटा वेगळ्या कप्प्यात.

तो टाका पुढे तसूभर हलला नाही. हनोई ते सायगाव १,७२६ किलोमीटरचा रेल्वेमार्ग मी तुकड्यातुकड्यांत केला. सहा बर्थच्या डब्यात सॅक बर्थखाली बसते. ह्वे ते दा नांग हा टप्पा मात्र दिवसाच करा, गाडी समुद्राला लागून डोंगर चढते. टेटच्या, म्हणजे व्हिएतनामी नववर्षाच्या सुमाराला तिकिटं बरीच आधी काढा.

सिएम रीपला पोचेपर्यंत वजन सव्वासहा किलोवर आलं होतं. अंगकोरचा तीन दिवसांचा पास ६२ डॉलरला आहे आणि तो दहा दिवसांत कधीही वापरता येतो. सलग तीन दिवस उन्हात पळू नका. मी पहिला आख्खा दिवस अंगकोर वाटच्या पश्चिमेच्या ओवरीतच काढला. कुरुक्षेत्राच्या शिल्पपटात शरपंजरी भीष्म ओळखू आले तेव्हा पाय तिथून निघेनात.

परत आल्यावर डावा पट्टाही तसाच शिवून घेतला. विकत घेताना पट्टे उलटे करून वरची शिवण बघा. फुलीची टीप नसेल तर दुसरी सॅक दाखवा म्हणा, किंवा निघायच्या आधीच ५० रुपयांत मारून घ्या.