गव्हाणीखालचा काटा: आठ महिन्यांनंतर

सप्टेंबरच्या शेवटी आमच्या फार्मवर, कुठलं जनावर किती खातं ते मोजणाऱ्या इलेक्ट्रॉनिक गव्हाणी बसल्या. आठ गव्हाणी, एका खेपेला साठ गोऱ्हे, आणि आतापर्यंत दोन खेपा पूर्ण झाल्या. फार्म कॅनडात, अल्बर्टा प्रांताच्या दक्षिणेला आहे. जनावरं अँगस जातीची, मांसासाठी पाळली जाणारी. आम्ही पैदाशीचे वळू तयार करून विकतो. मी शिरवळला पशुवैद्यकीय पदवी घेतली आणि इकडे कळपाच्या नोंदींचं काम करते. हे काम नेमकं कसलं आहे ते घरी सांगायला मला वर्ष लागलं. सांगितलं तेव्हा आबांनी एवढंच विचारलं, "त्या मशीनचा जनावराला त्रास होतो का गं?" नाही होत. माझ्या दृष्टीने या उपकरणाची ती पहिली जमेची बाजू. जनावर कळपातच राहतं, मनाला येईल तेव्हा खातं आणि मोजणी आपोआप होते. पूर्वी हेच करायचं तर एकेका जनावराला वेगळं कोंडून वैरण तोलून घालावी लागायची आणि उरलेली परत तोलावी लागायची. एकटं पडलेलं जनावर नेहमीसारखं खातही नाही.

रचना सोपी आहे. गव्हाण लोडसेलवर, म्हणजे वजन मोजणाऱ्या सेन्सरवर, उभी असते. समोरच्या दांड्यांमधून एका वेळी एकच डोकं आत जातं. कानातला रेडिओ टॅग गव्हाणीच्या काठावरचा अँटेना वाचतो आणि ते डोकं आत असेपर्यंत गव्हाणीचं वजन सेकंदासेकंदाला नोंदलं जातं. इथे हे टॅग सक्तीचेच आहेत, १५ अंकी, सुरुवातीला कॅनडाचा १२४. आपल्याकडच्या गाईम्हशींच्या कानातल्या १२ अंकी पिवळ्या बिल्ल्याचा हा भाऊच, फक्त याला जवळ जाऊन वाचावं लागत नाही.

आता हे सगळं कशासाठी? जनावर पोसायच्या खर्चात सगळ्यात मोठा वाटा खाद्याचा असतो, हे आपल्या गोठेवाल्यांना मी काय सांगणार. कोंबडीवाले एफसीआर काढतात, म्हणजे एक किलो वजन वाढायला किती किलो खाद्य लागलं. पैदाशीच्या वळूला हा हिशेब फसवतो. झपाट्याने वाढणाऱ्या गोऱ्ह्याचा एफसीआर चांगलाच दिसतो. पण त्याच्या मुली मोठ्या थोराड गाई होतात आणि बारा महिने जास्त खातात. म्हणून १९६३ साली रॉबर्ट कॉक आणि सहकाऱ्यांनी वेगळं माप मांडलं, रेसिड्युअल फीड इनटेक, थोडक्यात आरएफआय. एवढ्या वजनाच्या आणि एवढ्या वेगाने वाढणाऱ्या जनावराने किती खायला हवं होतं, आणि खाल्लं किती, यातला फरक म्हणजे आरएफआय. उणे आकडा आला तर जनावर काटकसरी.

पहिल्या खेपेतली एक जोडी सांगते. दोघांचं वजन जवळपास सारखं, दोघंही दिवसाला १.६ किलो वाढणारे. शेजारी उभे केले तर कुणालाही वेगळे ओळखता आले नसते. हिशेबाने दोघांनी रोज ९.७ किलो कोरडा चारा, म्हणजे ओलावा वजा केल्यावर उरणारा चारा, खायला हवा होता. एकाने खाल्ला १०.४ आणि दुसऱ्याने ८.९. रोजचा दीड किलोचा फरक, चाचणीच्या सत्तर दिवसांत १०५ किलो! हा फरक डोळ्यांना दिसत नाही, हात फिरवून कळत नाही आणि जनावर विकताना काट्यावरही येत नाही. माझे मालक चाळीस वर्षं वळू निवडताहेत. त्यांनी या आकड्यांचा कागद दोनदा वाचला, मग उठून गोठ्यात गेले आणि त्या दोघांसमोर बराच वेळ उभे राहिले.

हे झालं कौतुक. आकडा विश्वासाचा व्हायला मात्र रोज राबावं लागतं, आणि विकणाऱ्यांनी आम्हाला ते पुरेसं सांगितलं नव्हतं.

जानेवारीत पारा उणे ३२ वर गेला. सकाळी सहाला मी नोंदी उघडल्या तर पाच नंबरच्या गव्हाणीवर रात्रभर जनावरं येऊन गेलेली, पण वजन जेमतेम उतरलेलं. टॉर्च घेऊन गेले. टब आणि लोखंडी चौकट यांच्या फटीत मुरघासाचा ओला चुरा पडून दगडासारखा गोठला होता. टबाचा भार लोडसेलवर यायच्या ऐवजी चौकटीवर टेकला होता. कोमट पाणी ओतलं तर तेही गोठणार, म्हणून लाकडी दांडक्याने ठोकून ठोकून बर्फ काढला. दोन दिवसांच्या नोंदी टाकून द्याव्या लागल्या. तेव्हापासून रोज सकाळी प्रत्येक गव्हाणीची फट ब्रशने साफ करायची आणि आठवड्यातून एकदा २० किलोचं वजन ठेवून काटा तपासायचा हा नेम आहे. सॉफ्टवेअर टाकलेलं खाद्य आणि खाल्लेलं खाद्य यांचा ताळा घेतं, ते उत्तम. पण ताळा चुकला एवढंच ते सांगतं, का चुकला ते आपणच जाऊन बघायचं.

दुसरी गोष्ट ओलाव्याची, आणि मुरघास घालणाऱ्या प्रत्येकाने ही लक्षात घ्यावी. काटा मोजतो ओलं वजन, हिशेब चालतो कोरड्या चाऱ्यावर. फेब्रुवारीत शिनूक सुटला. पर्वतांवरून येणारा हा उबदार वारा एका दुपारीत बर्फ वितळवतो. ते पाणी बार्लीच्या मुरघासात उतरलं आणि त्यातला कोरडा भाग ४० टक्क्यांवरून ३४ वर आला. म्हणजे २० किलो मुरघासात आधी ८ किलो कोरडा चारा होता, तो ६.८ उरला. आम्ही ओलावा फक्त सोमवारी तपासायचो. तो अख्खा आठवडा सगळा कळप अचानक खादाड दिसला. एकाच कळपातली क्रमवारी याने फारशी बिघडत नाही, पण दोन खेपांची तुलना पार कोलमडते. आता ओलावा दर दोन दिवसांनी, आणि हवा पालटली की त्याच दिवशी तपासते.

आणि वजन. गव्हाण कितीही अचूक असली तरी वजनवाढ चुकली की आरएफआय चुकलाच. जनावराच्या पोटातल्या चारापाण्यानेच काटा दहा-पंधरा किलो इकडेतिकडे होतो. म्हणून सुरुवातीला आणि शेवटी दोन-दोन दिवस लागोपाठ, सकाळी खाद्य टाकायच्या आधी, त्याच काट्यावर वजन घ्यायचं. चाचणी सत्तर दिवसांची असते ती मुख्यतः वजनवाढ नीट कळावी म्हणून. खाण्याचा अंदाज निम्म्या दिवसांतही येतो. शिवाय आधीचे २१ दिवस गव्हाणीची सवय व्हायला.

एक फायदा मी धरलाच नव्हता. मार्चमध्ये एका गोऱ्ह्याचं खाणं एका रात्रीत नऊ किलोवरून पाचवर आलं. सकाळी पाहिलं तर डोळे स्वच्छ, कान ताठ, चाल नेहमीची. कागदावर विश्वास ठेवून ताप मोजला तर ४०.६ अंश सेल्सिअस. फुप्फुसाचा आजार सुरू झाला होता. त्याच दिवशी उपचार मिळाले आणि चौथ्या दिवशी तो पुन्हा पोटभर खाऊ लागला. या उपकरणावर माझा खरा जीव जडला तो त्या आठवड्यात.

तक्रार एक आहे आणि ती मोठी आहे. सेकंदासेकंदाच्या मूळ नोंदी कंपनीच्या सर्व्हरवर राहतात. आम्हाला रोजचा तयार आकडा दिसतो. मूळ नोंदी हव्या असतील तर मागाव्या लागतात आणि त्या यायला आठवडा जातो. वार्षिक शुल्क आम्ही भरतो, जनावरं आमची, मग नोंदी आमच्याच हातात हव्यात. घेणाऱ्याने हे करारात आधी लिहून घ्यावं.

घ्यावं का? नुसतं खाऊपिऊ घालून जनावर विकणाऱ्याने घेऊ नये, खर्च निघणार नाही. पैदास करणाऱ्याला मात्र मी हो म्हणेन, कारण कमी खाऊन वाढण्याचा हा गुण बऱ्यापैकी पुढच्या पिढीत उतरतो आणि एका वळूची वासरं अनेक गोठ्यांत जातात. पण रोज पहाटे गव्हाणीशी जाणारा माणूस घरात असला तरच.

त्या जोडीतला काटकसरी गोऱ्हा लिलावाच्या यादीत होता. मालकांनी त्याचं नाव यादीतून वगळलं आणि या महिन्यात त्याला पंधरा गाईंबरोबर कुरणात सोडलं. वासरं पुढच्या मार्च-एप्रिलमध्ये येतील आणि त्यातले गोऱ्हे शरद ऋतूत याच गव्हाणींवर चढतील. तोवर पाच नंबरच्या टबाची फट रुंद करून घ्यायची आहे.