छोट्या पिल्लाची शू: पॅडवर की बाहेर?

लहान जातीचं पिल्लू घरी यायचं ठरलं की नाव काय ठेवायचं, कुठे झोपवायचं, खायला काय द्यायचं यावर आठवडाभर खल होतो. शू कुठे करायची यावर मात्र पिल्लू सोफ्यामागे पहिलं तळं करेपर्यंत कुणी बोलत नाही. मग घाईघाईत हाताशी येईल ते सुरू होतं आणि तेच वर्षानुवर्षं चालतं.

मी हा निर्णय दोनदा घेतला आणि दोन्ही वेळा वेगळा. चिंगी आली तेव्हा ९ आठवड्यांची होती, पॉमेरेनियन, जेमतेम ९०० ग्रॅम. तिच्यासाठी घरातच पॅड अंथरले, म्हणजे शू शोषून घेणारे मऊ चौकोनी तुकडे. ४ वर्षांनी ढब्बू आला, मिनिएचर डॅशुंड. त्याला पहिल्या दिवसापासून बाहेर नेलं. म्हणजे पुढचं सगळं दोन कुत्र्यांच्या बळावर लिहितोय, आणि दोन कुत्रे म्हणजे काही अभ्यास नव्हे. चिंगी मादी, ढब्बू नर, शिवाय दुसऱ्या खेपेला मीही जरा शहाणा झालो होतो. तेवढी सूट धरून वाचा.

पॅडची बाजू आधी मांडतो, कारण ती खरोखर भक्कम आहे. पिल्लू जितक्या महिन्यांचं, त्यात एक मिळवा, तितके तास ते दिवसा धरू शकतं, असा एक ढोबळ हिशेब सांगतात. म्हणजे २ महिन्यांचं पिल्लू ३ तास. मला विचाराल तर लहान जातीत त्यातला एक तास वजाच करावा, आणि पिल्लू खेळत असेल तर हिशेबच सोडून द्यावा. चिंगी खेळायच्या भरात २० मिनिटांत दोनदा जायची. झोपून उठली की शू, खाल्लं की थोड्याच वेळात शी, कुणी आलं की आनंदाच्या भरात दारातच. दर वेळी चपला घालून जिने उतरायचे की चार पावलांवर पॅड टाकायचा, यात कुठलाही शहाणा माणूस पॅडच म्हणेल. आम्हीही म्हणालो.

दुसरं कारण लसींचं. पहिली लस ६ ते ८ आठवड्यांना मिळते, पुढच्या दर २ ते ४ आठवड्यांनी, १६ आठवडे होईपर्यंत किंवा त्याच्याही थोडं पुढे. इतक्यांदा टोचतात, कारण आईकडून मिळालेली प्रतिपिंडं अंगात शिल्लक असतील तर लस नीट धरत नाही, आणि ती कधी संपतील ते दर पिल्लाचं वेगळं. तोवर पार्व्होची, म्हणजे पिल्लांच्या जिवावर उठणाऱ्या उलट्या-जुलाबाच्या आजाराची, धास्ती असते. हा विषाणू मातीत महिनोन्‌महिने तग धरतो, आणि तिथून आजारी कुत्रं गेलं होतं की नाही हे आपल्याला कळायला मार्ग नाही. त्यामुळे सगळे डोस होईपर्यंत चिंगीचा पाय बाहेरच्या जमिनीला लागू द्यायचा नाही, असं आम्ही ठरवलं आणि अगदी निष्ठेने पाळलं.

पॅडचे किरकोळ त्रास सगळ्यांनाच ठाऊक असतात. पिल्लू तो फाडतं. हे मात्र हसण्यावारी नेऊ नका, आत ओल शोषणारी पूड असते, ती फुगते, आणि पोटात गेली तर एवढ्याशा आतड्यात अडकू शकते. कडेला चौकट असलेला ट्रे घेतला की फाडणं बरंच थांबतं. मग काठावरची शू. चिंगी पुढचे दोन पाय पॅडवर ठेवायची आणि समाधानाने फरशीवर करायची. पुढचे पाय पोहोचले म्हणजे आपण पोहोचलो, असा तिचा समज. मोठा पॅड घेतला, प्रश्न मिटला. या सगळ्याने माझं मत फिरलं नसतं.

मत फिरलं ते पायपुसण्यामुळे.

चौथ्या महिन्यात चिंगी दहातल्या नऊ वेळा पॅडवर जायला लागली. आम्ही खूश. मग एका सकाळी बाथरूमबाहेरचं पायपुसणं ओलं लागलं. दोन दिवसांनी मुख्य दाराजवळचं. त्यानंतर धुवायला काढून जमिनीवर टाकलेला टॉवेल. मग व्यायामाची चटई, तीही व्यायाम चालू असताना. मी उताणा पडून पाय वर केले होते, तेवढ्यात कोपऱ्यावर येऊन मोकळी झाली. मला सर्वांत अस्वस्थ केलं ते तिच्या चेहऱ्याने. चूक करून बावरलेली वगैरे अजिबात नव्हती. शू झाली की शेपटी हलवत माझ्यासमोर येऊन बसायची, खाऊ मागायला. तिच्या लेखी तिने शिकवल्याबरहुकूम केलं होतं.

आणि खरंच केलं होतं. पिल्लं साधारण ३ आठवड्यांची झाली की आपणहून झोपायची जागा सोडून बाजूला जाऊन शू करू लागतात. पुढे ७ ते ९ आठवड्यांच्या सुमारास पायाला काय लागलं की मोकळं व्हायचं, याची आवड पक्की होत जाते. आपल्या घरी ती येतात नेमकी तेव्हाच. आपल्याला वाटतं आपण ‘खिडकीखालचा कोपरा’ शिकवतोय. पिल्लू शिकतं ‘मऊ, चौकोनी, जमिनीवर पसरलेलं’. आता तुमच्या घरात अशा किती वस्तू आहेत ते एकदा मोजा. आमच्याकडे ११ निघाल्या.

याची दुसरी बाजू डोस पूर्ण झाल्यावर कळली. मोठ्या हौसेने तिला बाहेर नेलं. गवत, माती, झाडाचे बुंधे, सगळं हुंगून झालं, पाऊण तास फिरलो, काही नाही. घरी आलो, पट्टा काढला, आणि ती जी धावत सुटली ती थेट पॅडवर. तिने पाऊण तास धरून ठेवली होती! बाहेर कुठेच कापड नव्हतं, मग करणार कुठे? हे पुढे दीड महिना चाललं. कुणाच्या घरी तिला घेऊन जायचं तर आधी तिथल्या सतरंज्या गुंडाळायला सांगावं लागे, आणि असं सांगताना आपलाच चेहरा कसनुसा होतो.

एकदा चिडून ओरडलो तिच्यावर. त्यातून ती एवढंच शिकली की माझ्यासमोर करायची नाही. नंतरचा पंधरवडा पलंगाखाली वाकून वास घेण्यात गेला. डाग पुसायला एन्झाइमवालं क्लीनर लागतं हेही तेव्हाच समजलं. साध्या फिनाइलने आपल्या नाकाला स्वच्छ वाटतं, कुत्र्याच्या नाकाला नाही. अमोनिया असलेलं काही तर वापरूच नये, त्याचा वास मुतासारखाच येतो.

आता ढब्बू. बाहेरची पद्धत सोपी होती असं सांगितलं तर ते खोटं ठरेल. पहिले ३ आठवडे वाईट गेले. दिवसाला १० ते १२ फेऱ्या, शिवाय रात्री २ आणि ५ चा गजर. डॅशुंडची पाठ नाजूक, म्हणून जिन्यावरून त्याला उड्या मारत न्यायचं नाही; एक हात छातीखाली, एक ढुंगणाखाली, असं उचलून प्रत्येक वेळी खाली आणि वर. पावसात तर विचारूच नका. या कुत्र्याचं पोट जमिनीपासून चार बोटांवर, ओलं गवत थेट पोटाला लागतं, मग तो एक पाय उचलून माझ्याकडे असा बघायचा की पाऊस मीच पाडलाय.

लसींचं काय केलं? डॉक्टरांना आधी विचारलं. आवारातला एक कोपरा, जिथे बाहेरचे कुत्रे फिरकत नाहीत, तेवढाच वापरला. तिथवर कडेवर न्यायचं, खाली ठेवायचं, काम झालं की उचलायचं. तुमच्याभोवती अशी जागा नसेल, मोकाट कुत्र्यांची वर्दळ असेल, तर हा मार्ग डोस होईपर्यंत मी सुचवणार नाही. पण ‘डोस संपेपर्यंत उंबरठ्याबाहेर नकोच’ हे मी चिंगीच्या वेळी जितकं कडक घेतलं, तितकं सगळे पशुवैद्य घेत नाहीत. अमेरिकेतल्या प्राण्यांच्या वर्तनाशी संबंधित पशुवैद्यांच्या संघटनेने २००८ मध्येच म्हटलंय की पहिली लस आणि जंताचं औषध झाल्यावर किमान ७ दिवसांनी, ७-८ आठवड्यांच्या पिल्लाला स्वच्छ ठिकाणच्या वर्गात नेता येतं. कारण सोपं आहे. ३ ते साधारण १४ आठवडे हा जग ओळखीचं करून घ्यायचा काळ, आणि तो लसी संपायच्या आत संपतो.

ढब्बूने त्या फेऱ्यांमध्ये कडेवर बसून स्कूटर ऐकल्या, छत्र्या पाहिल्या, ओरडणारी पोरं पाहिली. चिंगीने पहिली उघडी छत्री १७ व्या आठवड्यात पाहिली. ती आजही छत्री दिसली की माझ्या पायामागे जाते. हा दोष पॅडचा नाही, माझा आहे, हे कबूल. पण पॅड घरात होता म्हणून मला बाहेर पडायची गरज वाटली नाही, हेही तितकंच खरं.

दोन गोष्टी ढब्बूच्या वेळी सुधारल्या. खाऊ जागच्या जागी द्यायचा, शू संपल्या क्षणी. घरी आल्यावर दिला तर त्याला वाटतं घरात शिरल्याबद्दल मिळाला. आणि काम झाल्या झाल्या उचलून आणायचं नाही, पाचेक मिनिटं खेळू द्यायचं. नाहीतर हुशार पिल्लू ताडतं की शू केली की मजा संपते, मग ते लांबवत बसतं.

रात्री त्रास नको म्हणून संध्याकाळीच खाणं-पाणी बंद करा, असा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. किलोभराच्या पिल्लाला तो देऊ नये असं माझं मत. इतक्या लहान जिवाची रक्तातली साखर उपाशीपोटी झपकन उतरते. पिल्लू मलूल होतं, थरथरतं, झोकांड्या खातं. तसं दिसलं तर हिरड्यांना थोडा मध चोळून तडक डॉक्टरकडे न्यायचं. त्यापेक्षा रात्री २ ला उठणं परवडलं. बाहेर नेताना गळपट्ट्याऐवजी हार्नेस, म्हणजे छातीभोवती बांधायचा पट्टा, घ्या, ते वेगळं सांगायला नको. पॉमेरेनियन, यॉर्कशायर वगैरे मंडळींची श्वासनलिका आधीच कमजोर असते.

ढब्बू साडेपाच महिन्यांचा झाला तेव्हा घरातल्या चुका जवळपास थांबल्या. चिंगी पाच महिन्यांची असताना पॅडचा हिशेब यापेक्षा चांगला दिसत होता, हे प्रामाणिकपणे सांगतो. पण तिचं पायपुसणं-प्रकरण पूर्ण संपायला वर्ष उलटलं. ढब्बूने आठव्या महिन्यात वयात येताना टेबलाच्या पायावर दोनदा सही केली, ते मी नर म्हणून सोडून देतो.

मधला मार्ग म्हणून गॅलरीत गवताचा ट्रे ठेवतात. खरं गवत असेल तर मला तो पॅडपेक्षा बरा वाटतो, कारण पायाला लागतं ते बाहेरच्यासारखंच. प्लॅस्टिकच्या गवताला आठवड्यात असा वास सुटतो की गॅलरी फक्त कुत्र्याची होते. मी महिनाभरच वापरला, त्यामुळे जास्त बोलत नाही.

मग पॅड घ्यावाच कुणी? ज्यांच्या घरी दिवसातले सात-आठ तास कुणी नसतं, त्यांनी. पिल्लाने तोवर धरून ठेवावं ही अपेक्षाच क्रूर आहे. गुडघे दुखतात, जिने उतरवत नाहीत, अशांनी. मजला फार उंच असेल आणि लिफ्टची वाट बघण्यातच पिल्लाचा धीर सुटत असेल, त्यांनीही. आणि कुत्रं कायम पॅडवरच जाणार असं मनाशी पक्कं असेल तर पॅड वाईट नाही. लहान जातीत ते वर्षानुवर्षं निभतं. फक्त घरातली पायपुसणी उचला. फसगत होते ती ‘आत्ता पॅड, मग बाहेर’ म्हणणाऱ्यांची, कारण ते पिल्लाला एकच गोष्ट दोनदा शिकवतात आणि दुसऱ्यांदा शिकवताना पहिली पुसावी लागते. मोठ्या जातीचं पिल्लू असतं तर हा घोळ आपण घातलाच नसता. लहान पिल्लाचं तळं एका फडक्यात पुसलं जातं, म्हणून आपणच ढिले पडतो. माझ्यापुरतं सांगायचं तर तिसरं पिल्लू आलं, तर पुन्हा २ आणि ५ चा गजर लावेन.

आधीच पॅडवर असलेल्या पिल्लाला बाहेर वळवायचं असेल तर आम्हाला जे लागू पडलं ते असं: सकाळची पहिली शू, तीच नक्की येते, त्यासाठी एक आधीच वापरलेला पॅड घेऊन खाली जायचं, गवतावर पसरायचा, कोपऱ्यांवर दगड. काही दिवस पूर्ण पॅड, मग दर चार-पाच दिवसांनी कात्रीने एक पट्टी कमी. घरातले पॅड त्याच वेळी उचलायचे, नाहीतर सगळं मुसळ केरात. चिंगीचा पॅड शेवटी पोस्टकार्डाएवढा उरला होता. लोक थांबून विचारायचे, हे काय चाललंय. एके दिवशी मी तो तुकडा घरीच विसरलो आणि ती नुसत्या गवतावर गेली. मी तिथेच तिला अख्खी मूठभर खाऊ दिला.

दारातलं पायपुसणं मात्र आम्ही अजून परत टाकलेलं नाही.