फोंड्याच्या वरच्या बाजारातलं भाजी-पाव आणि भिंतीवरचा ब्रॅकेट

आधी खाण्याचं सांगते. पातळ भाजी वाटाण्याची, नारळाचं वाटण सढळ हाताने घातलेली. पहाटे पोदेर, म्हणजे पाववाला, पाव आणून टाकतो तेव्हा ते हातात धरवत नाहीत इतके गरम असतात. अळसांद्यांचं तोणाक, म्हणजे चवळीची नारळ वाटून केलेली रस्सा उसळ, फक्त बुधवारी आणि शनिवारी, तेही साडेआठपर्यंत संपतं. बन मऊ, फार गोड नाहीत. मिरची भजी सकाळी घेऊ नका, ती संध्याकाळी ताज्या तेलातलीच खावी. भाजी-पाव 50 रुपये, चहा 15. बसायला सात टेबलं, बाकं अरुंद, मागच्या माणसाची पाठ आपल्या पाठीला लागते.

एवढं गोव्यातल्या या फोंड्यात आणखी चार ठिकाणी मिळेल. मी लिहायला बसले ती गल्ल्यामागच्या भिंतीसाठी.

या हॉटेलचे मालक वीस वर्षं क्रूझ जहाजावर स्वयंपाकघरात होते. जहाज फ्लोरिडातल्या बंदराला लागलं की मार्च महिन्यात तिथल्या टीव्हीवर कॉलेजांचं बास्केटबॉल चालू असायचं. त्याचा नाद त्यांना तिथे लागला तो कायमचा. गावात परत येऊन हॉटेल घातलं आणि दर मार्चमध्ये ते भिंतीवर ब्रॅकेटचा, म्हणजे सामन्यांच्या तक्त्याचा, एक भलामोठा फ्लेक्स लावू लागले. त्यावर एनसीएए या अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉल स्पर्धेतले सगळे 68 संघ, चार विभाग, डावीउजवीकडून मधल्या चौकटीकडे येणाऱ्या रेषा. सगळी नावं देवनागरीत. ड्यूक, ह्यूस्टन, गोन्झागा, सेंट जॉन्स. दूध घालायला येणारे आजोबासुद्धा ती मोठ्याने वाचतात.

गिऱ्हाइकाने काय करायचं? गल्ल्यावरून छापील कागद घ्यायचा, प्रत्येक सामना कोण जिंकेल ते भरायचं, गुरुवारी रात्री साडेनवाच्या आत परत द्यायचा. पैसे लागत नाहीत. मटक्याचा आकडा लावल्यासारखं कोणी शंभराची नोट पुढे केली तर मालक ती परत खिशात घालायला लावतात आणि पुन्हा तसं केलं तर कागद देत नाहीत. सर्वांत जास्त गुण मिळवणाऱ्याला महिनाभर सकाळचा चहा फुकट. गुणांची रीत तिकडे चालते तीच: पहिल्या फेरीत बरोबर उत्तराला 10, मग 20, 40, 80, 160 आणि अंतिम सामन्याला 320.

मी उच्च माध्यमिक विद्यालयात शारीरिक शिक्षण शिकवते, कॉलेजात असताना पॉइंट गार्ड खेळले आहे. आमच्याकडे मैदान आधी फुटबॉलला, उरलं तर क्रिकेटला. बास्केटबॉलवर अर्धा तास बोलणारं माणूस मिळायला मला या गल्लीत यावं लागलं. म्हणून वेळेचं नीट सांगते, कुणाला यायचं असेल तर. संघांची यादी तिकडे रविवारी संध्याकाळी सहाला जाहीर होते, तेव्हा आपल्याकडे सोमवारचे पहाटेचे साडेतीन. 2025 मध्ये ती 17 मार्चला आली. शिगम्याच्या रोमटामेळाचे ढोल अजून कानात होते आणि सकाळी हॉटेलात मालक शिडीवर उभे राहून फ्लेक्सवर मानांकनं चिकटवत होते. गुरुवारपासून दोन दिवस सामने आपल्या रात्री पावणेदहाला सुरू होतात ते सकाळी साधारण दहापर्यंत चालतात. हॉटेल साडेपाचला उघडतं तेव्हा तिकडे रात्रीचे आठ झालेले असतात. म्हणजे मुख्य सामने बरोबर चहाच्या वेळेला.

आता या जागेची खरी खासियत. कागदावर प्रत्येक निवडीपुढे एक रेघ कोरी सोडलेली असते. मोठ्या उलटफेराचा अंदाज करायचा असेल किंवा विजेता लिहायचा असेल तर त्या रेघेवर कारण लिहावंच लागतं. नुसतं नाव लिहिलं तर कागद परत. पहिल्या वर्षी मी घाईने भरून दिला, तर त्यांनी तो हातात ठेवला आणि म्हणाले, "टीचर, कारण बरयात." म्हणजे कारण लिहा. मला ते तेव्हा पटलं नव्हतं. आज मी माझ्या मुलांना सामना दाखवताना हीच सवय लावते आहे. सुरुवातीचे चार पात्रता सामने सोडून उरलेले 63 सामने सगळे बरोबर येण्याची शक्यता नाणं उडवून काढली तर एकोणीस आकडी संख्येत एक अशी आहे, हे मी फळ्यावर 2 चा 63 वा घात मांडून दाखवते. 2019 मध्ये एका माणसाचे पहिले 49 सामने बरोबर आले होते, त्याच्यापुढे कुणी गेल्याची नोंद नाही. तेव्हा सगळं बरोबर येण्यासाठी हा कागद भरायचाच नसतो. आपण संघात काय पाहिलं ते लिहायचं आणि तीन आठवड्यांनी ते खरं होतं का ते तपासायचं.

ब्रॅकेटच्या बाजूला दुसरा, छोटा फळा असतो तो पुरस्कारांचा. नेस्मिथ, वूडन, एपी (असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेचा), ऑस्कर रॉबर्टसन. वर्षातला सर्वोत्तम खेळाडू कोण, याचा अंदाज तिथे वेगळा लिहायचा. बरीच गिऱ्हाइकं इथे चुकतात आणि मीही दोन वर्षं चुकले. यंदाचा सर्वोत्तम खेळाडू ड्यूकचा, म्हणून ड्यूक जिंकणार, असं सरळ गणित मांडलं जातं. एपीची मतं स्पर्धा सुरू होण्याआधीच पडलेली असतात. तो पुरस्कार नोव्हेंबरपासूनच्या खेळाचा असतो, मार्चचा नव्हे. मालकांनी फळ्याच्या खाली एपी पुरस्कार मिळालेल्यांची नावं आणि त्या वर्षी त्यांचा संघ कुठे थांबला ते लिहून ठेवलं आहे. ती यादी मी एकदा चहा थंड होईपर्यंत वाचत उभी होते.

2016, डेन्झल व्हॅलेंटाइन, मिशिगन स्टेट: पहिल्याच फेरीत पंधराव्या मानांकनाकडून बाहेर. 2019, झायन विल्यमसन, ड्यूक: उपांत्य फेरीच्या उंबरठ्यावर एका गुणाने बाहेर. 2021, लुका गार्झा, आयोवा: दुसऱ्या फेरीत. 2022, ऑस्कर शीब्वे, केंटकी: त्याने एकट्याने 30 गुण केले आणि 16 रिबाउंड, म्हणजे चुकलेल्या नेमांचे चेंडू, घेतले तरी सेंट पीटर्स नावाच्या छोट्या कॉलेजाने पहिल्या फेरीत त्यांना हरवलं. 2023, झॅक ईडी, परड्यू: सव्वासात फुटांहून उंच, पहिलं मानांकन, आणि सोळाव्या मानांकनाच्या फेअरली डिकिन्सनकडून 63-58 असा पराभव. पहिलं मानांकन सोळाव्याकडून हरण्याची ती इतिहासातली फक्त दुसरी वेळ, पहिली 2018 मध्ये व्हर्जिनियाची. 2012 च्या अँथनी डेव्हिसनंतर पुरस्कारही मिळाला आणि त्याच वर्षी विजेतेपदही, असा पुरुषांत एकच झाला, 2018 चा जेलन ब्रन्सन.

पण ईडीची गोष्ट तिथे संपली नाही, आणि मला ती यादीतली सर्वांत आवडती आहे. तो परत आला, 2024 मध्येही पुरस्कार त्यालाच मिळाला आणि परड्यू अंतिम सामन्यापर्यंत पोचलं. कनेक्टिकटकडून हरले खरे, पण आदल्या वर्षीच्या त्या लाजेनंतर तोच मुलगा अंतिम सामन्याच्या कोर्टवर उभा राहिला. व्हर्जिनियाचंही तसंच, 2018 ला सोळाव्याकडून हरून 2019 ला थेट विजेते. पहिल्या फेरीत हरलेल्या माझ्या प्रत्येक संघाला मी हे सांगते.

2025 चा पुरस्कार ड्यूकच्या कूपर फ्लॅगला मिळाला. पहिल्या वर्षाचा विद्यार्थी. त्याच्याआधी पहिल्या वर्षात एपी पुरस्कार फक्त ड्युरँट, डेव्हिस आणि विल्यमसन या तिघांना मिळाला होता. छोट्या फळ्यावर जवळजवळ सगळ्यांचं उत्तर बरोबर आलं. मी मोठ्या कागदावर मात्र ह्यूस्टन लिहिलं होतं. कारण: "चुकलेला चेंडू सोडत नाहीत."

6 एप्रिलला रामनवमी होती, रविवार. सकाळी सव्वासहाला ड्यूक-ह्यूस्टन उपांत्य सामना सुरू झाला आणि हॉटेलात उभं राहायला जागा नव्हती. देवळात जायच्या आधी म्हणून आलेले लोक नऊवारीत आणि धोतरात बाकांवर दाटीने बसले होते. दुसऱ्या अर्धात ड्यूक 14 गुणांनी पुढे होतं. अगदी शेवटी, साधारण 35 सेकंद उरली असताना, सहा गुणांची आघाडी होती. आणि इंटरनेट अडकलं. पडद्यावर नुसतं चक्र फिरत राहिलं. चित्र परत आलं तेव्हा ह्यूस्टनची मुलं एकमेकांच्या अंगावर उड्या मारत होती, 70-67.

ही या जागेची उणीव आहे आणि ती मी लपवणार नाही. टीव्ही गल्ल्याच्या वर इतका उंच आहे की पुढच्या टेबलावरून मान दुखते, चित्र अर्धा मिनिट मागे चालतं, बाजूच्याच्या मोबाइलवर गुण आधी येतात. ऐन वेळी अडकण्याची ही दुसरी खेप. पण त्यानंतर मालकांनी जे केलं तेही लिहायला हवं. त्यांनी स्वयंपाकघरातला गॅस बारीक केला, शेवटची 35 सेकंदं पुन्हा लावली आणि प्रत्येक चेंडूला थांबवत दाखवली. इथे तीन गुणांचा नेम, इथे चेंडू परत हिसकावला, इथे फ्री थ्रो चुकला तर वरून कोणी हात मारला, इथे फाउल, इथे जे'वॉन रॉबर्ट्सचे दोन फ्री थ्रो, इथे फ्लॅगचा शेवटचा नेम अपुरा पडला. फ्लॅगचे त्या सामन्यात 27 गुण होते. हरल्यावर तो कसा चालत बाहेर गेला तेही त्यांनी थांबवून दाखवलं, कुणीही हसलं नाही. माझ्या मुलांनी हा सामना मैदानात बसून पाहिला असता तरी त्यांना एवढं कळलं नसतं.

महिलांच्या स्पर्धेसाठी मला या हॉटेलशी भांडावं लागलं. 2024 मध्ये आयोवाच्या केटलिन क्लार्कचं नाव सगळ्या जगात होतं, एकही सामना न हरलेल्या साउथ कॅरोलिनाने अंतिम सामन्यात तिच्या संघाला 87-75 असं हरवलं, आणि भिंतीवर फक्त पुरुषांचा फ्लेक्स. मी मालकांना स्पष्ट विचारलं, तुमच्याकडे सकाळी माझ्या शाळेतल्या पाच मुली बन खायला येतात, त्यांनी काय वाचायचं? त्यांनी वाद घातला नाही. 2025 मध्ये दुसरी भिंत रंगवून घेतली आणि तिथे महिलांचा फ्लेक्स लावला, तोच आकार, तीच अक्षरं. माझ्या मुलींनी सदर्न कॅलिफोर्नियाच्या जूजू वॉटकिन्सवर भरवसा ठेवला होता. दुसऱ्या फेरीत तिच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. पुरस्कार तिलाच मिळाले, पण तिचा संघ पुढे कनेक्टिकटकडून हरला आणि कनेक्टिकटच विजेते झाले. माझी एक मुलगी त्या दिवशी तिच्या नावापुढे लिहून गेली, "पुढच्या वेळी."

पुरुषांचा अंतिम सामना मंगळवारी, 8 एप्रिलला सकाळी. 2025 मध्ये आमचं शैक्षणिक वर्ष 7 एप्रिललाच सुरू झालं, त्यामुळे मला मध्यंतरालाच उठावं लागलं. ह्यूस्टन 31-28 ने पुढे, फ्लोरिडाच्या वॉल्टर क्लेटनच्या नावावर शून्य गुण. माझा विजेता बरोबर येणार असं मला वाटत होतं.

हॉटेलात वाढायला एक वीसेक वर्षांचा मुलगा आहे, वाळपईचा, दुपारी आयटीआयला जातो. त्याने फ्लोरिडा लिहिलं होतं. मी चपला घालत असताना तो ओले कप पुसत म्हणाला, "टीचर, अजून क्लेटन सुरू व्हायचाय."

संध्याकाळी मी परत आले. ह्यूस्टन 12 गुणांनी पुढे गेलं होतं, क्लेटनने आपले सगळे 11 गुण दुसऱ्या अर्धात केले होते आणि शेवटच्या चेंडूला त्यानेच धावत जाऊन ह्यूस्टनला नेम घेऊ दिला नव्हता. 65-63. फ्लेक्सच्या मधल्या चौकटीत त्या मुलाच्या अक्षरात "फ्लोरिडा" लिहिलं होतं आणि शेजारी मालकांनी त्याचा कागद टाचणीने लावला होता. कारणाच्या रेघेवर त्याने मार्चमध्येच लिहिलेलं वाक्य: "शेवटच्या पाच मिनिटांत क्लेटनच्या हातात चेंडू देतात." ते लिहिलं तेव्हा पाडव्याच्या पहाटेचा टेक्सास टेकविरुद्धचा सामना व्हायचाच होता, ज्यात क्लेटनने शेवटच्या मिनिटांत हेच केलं.

चहा त्याला तिथे रोजच मिळतो, म्हणून मालकांनी त्याला बक्षीस म्हणून एक बास्केटबॉल दिला. त्याने तो दोन्ही हातांत धरून मला विचारलं की टाकायचा कुठे. मी त्याला आमच्या शाळेचं कोर्ट सांगितलं. शनिवारी चार वाजता तो आला, आयटीआयच्याच गणवेशात, आणि अंधार पडेपर्यंत फ्री थ्रो टाकत राहिला.