पॅकराफ्ट, आठ महिन्यांनंतर: गळत नव्हती, मऊ पडत होती

पॅकराफ्ट म्हणजे घडी करून पाठपिशवीत मावणारी, हवा भरायची हलकी होडी. तिचं वजन, लांबी, कापडाचे डेनियर (धागा किती जाड ते) हे सगळं घेण्याआधीच तुम्ही पाठ केलेलं असणार, मीही केलं होतं. ते सोडून देतो. घेतल्यावर काय झालं ते सांगतो.

पहिल्याच दिवशी काठावर राफ्ट ढोलासारखी टणक फुगवली. बोटाने टिचकी मारली तर टण्ण आवाज. पाण्यात उतरलो, दहा मिनिटं वल्हवलं आणि बाजूची नळी कोपराला मऊ लागायला लागली. विसाव्या मिनिटाला बसल्या जागी राफ्टची घडी पडतेय की काय असं वाटू लागलं. धडधडत्या छातीने काठ गाठला. नवी कोरी वस्तू, आणि गळकी!

बाथरूममध्ये तासभर साबणाचं पाणी फासलं. सगळे जोड, व्हॉल्व्हची कड, तळाची शिवण. एक बुडबुडा नाही. तरी पुढच्या खेपेला तोच प्रकार. मग वॉरंटी, फोन, फोटो, व्हिडिओ, परत फोन. शेवटी स्वतःच्या खर्चाने कुरियर केली. तेवीस दिवसांनी परत आली ती ओलसर घडी घातलेली, कुबट वास मारणारी. सोबत चिठ्ठी: 'दोष आढळला नाही.' तेव्हा इथे एक तारा देऊन शिव्या घालायचा मजकूर तयार होता. बरं झालं टाकला नाही.

कारण वास जावा म्हणून ती फुगवून गॅलरीत ठेवली होती. संध्याकाळी टणक. पहाटे उठून बघतो तर मऊ. म्हटलं, बघा, सापडली चोरी! आणि दुपारी बघतो तर परत टणक, मी एक फुंकरही मारलेली नसताना. गळकी वस्तू दुपारी आपोआप भरत नाही.

मग शाळेतलं विज्ञान आठवलं. कोंडलेली हवा १० अंशांनी थंड झाली की तिचा दाब साधारण ३ टक्क्यांनी उतरतो. ३ टक्के किरकोळ वाटतात, पण ते मोजायचे वातावरणाचा दाब धरून. वातावरणाचे १४.७ पीएसआय (हे दाबाचं माप) आणि राफ्टमधले वरचे जेमतेम २, म्हणजे झाले सतराच्या आसपास. त्याचे ३ टक्के म्हणजे अर्धा पीएसआय, आणि तो सगळा जातो आपल्या दोनातून. चौथा हिस्सा गायब! उन्हात तापलेली हवा आणि तळाखाली गार पाणी, एवढं पुरतं.

उपाय फुकट आहे. राफ्ट फुगवायची, पाच-दहा मिनिटं पाण्यात सोडायची, कापडावर दोन ओंजळी पाणी उडवायचं आणि मग तोंडाच्या नळीतून आणखी हवा भरायची. परत आल्यावर उलटं: उन्हात ठेवायची असेल तर आधी थोडी हवा सोडायची, नाहीतर हवा प्रसरण पावून जोडांवर ताण येतो. माहितीपुस्तिकेत इशारे चार पानं, हे एक वाक्य मात्र नाही. तेवीस दिवस राफ्ट ठेवून घेणाऱ्यांना हे माहीत नसेल? मग चिठ्ठीवर दोन ओळी लिहायला काय झालं होतं? कुरियरचे पैसे अजून डोक्यात आहेत.

ही वरची हवा काठाजवळच भरा. मी एकदा ऐन तलावाच्या मध्यावर, समोरून वारा असताना भरायला बसलो. वल्हं मांडीखाली दाबलं, नळी तोंडात, गाल फुगवून पंधरा-वीस फुंका. मान वर केली तर मघाशी मागे टाकलेला ओंडका परत माझ्या पुढे.

वाऱ्यापुढे ही वस्तू म्हणजे पाचोळा. तळ सपाट, वजन दोन-तीन किलो, पाण्यात बुडालेला भाग नाहीच म्हणायचा. शांत पाण्यात ताशी चार किलोमीटर निघतात, समोरून वारा आला की वल्हवूनसुद्धा जागच्या जागी. जाताना पाठीवर वारा आहे म्हणून खूश होऊ नका, परतीचा हिशोब तिथेच करा. हवेचा मुख्य कप्पाही एकच, त्यामुळे लाईफ जॅकेट उशाला नाही, अंगात.

फिनबद्दल माझं मत बदललंय. शेपटीखालचा तो बोटभर पंख वेगळा विकतात याचाच मला राग होता, म्हणून घेतला नाही. प्रत्येक वल्ह्याला नाक डावी-उजवीकडे, बघणाऱ्याला वाटावं राफ्ट 'नाही, नाही' म्हणतेय. आपण मागे बसतो, पुढचा भाग उचलला जातो, म्हणून पाच लिटरचा पाण्याचा कॅन नाकावर बांधला. बराच फरक पडला. तीन महिने त्या कॅनवर काढले आणि मग निमूटपणे फिन घेतला. लांब तलावावर तो हवाच. कॅन आता पिण्याच्या पाण्याला.

पाचव्या महिन्यात खरी गळती झाली, तीही मजेशीर. व्हॉल्व्हच्या कडेवर साबण लावल्यावर एकच बारीक बुडबुडा, दर चार सेकंदांनी. पडद्याखाली वाळूचा एक कण अडकला होता. ओल्या फडक्याने पुसला, संपलं. तेव्हापासून फुगवायची पिशवी वाळूवर टेकवत नाही. ती पिशवी, बाय द वे, या सगळ्या प्रकारातली सगळ्यात हुशार वस्तू. वजन नाही, पंप नाही, हवेत पकडायची, तोंड पिळायचं, दाबायची. दहा-बारा खेपांत राफ्ट उभी.

कल्पना मात्र जुनीच. हॅल्केट नावाच्या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने १८४०च्या दशकात अंगरख्यासारखी पांघरता येणारी रबरी कापडाची होडी केली होती, आणि छत्री तिचं शीड. पाठीवर वारा घेऊन मीही छत्री उघडून पाहिली. चालते. छत्री नंतर सरळ झाली नाही.

मागच्या रविवारी राफ्ट धाकट्या भावाला दिली. फुगवणं, लाईफ जॅकेट, वारा, सगळं समजावलं, हवेचं तेवढं सांगायचं राहिलं. तासाभरात काठावरून फोन: "दादा, तुझी राफ्ट पंक्चर आहे रे."