बिलावर ‘हेवी ड्यूटी स्प्रिंग’, फोर्कमध्ये जुनीच: सस्पेन्शनच्या कामात फसवणूक कशी होते आणि कशी पकडायची

रॉयल एनफिल्डची हिमालयन ४११ मोटरसायकल. स्वाराचं वजन १०२ किलो, हेल्मेट-जॅकेट-बूट धरून ११०. खड्ड्यात पुढचा शॉकअप तळाला आपटतो आणि ब्रेक दाबला की गाडी तोंडावर बसते, ही तक्रार. त्यावर १८,५०० रुपयांचं काम झालं. बिलावर चार ओळी: हेवी ड्यूटी फ्रंट स्प्रिंग सेट, फोर्क ऑइल, मागच्या शॉकअपचं गॅस रिफिलिंग, मजुरी. गाडी ताब्यात देताना दुकानदाराने मालकाला सीटवर बसवून सॅग, म्हणजे वजनाने सस्पेन्शन दबून गाडी किती खाली बसते ते, मोजून दाखवला: ६३ मिलिमीटर. या गाडीच्या पुढच्या चाकाची चाल (वर-खाली हलण्याचं पूर्ण अंतर) २०० मिलिमीटर आहे आणि अशा लांब चालीच्या गाडीत स्वारासकटचा सॅग चालीच्या ३० ते ३५ टक्के, म्हणजे ६० ते ७० मिलिमीटर ठेवतात. आकडा बरोबर बसला. पैसे दिले गेले.

ताम्हिणी घाटाच्या पहिल्याच फेरीत जुनी तक्रार परत आली. सोबत एक नवीही आली: स्पीडब्रेकरवरून उतरताना हँडलखाली ‘ठक्’ असा आवाज.

दुसऱ्या गॅरेजमध्ये फोर्कचं, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्यांपैकी एकीचं, बूच काढलं. वर करड्या पीव्हीसी पाइपचा २५ मिलिमीटरचा तुकडा, करवतीने कापलेला, एका बाजूला तिरका, कडेची कुसळंही साफ न केलेली. त्याखाली काळी चकचकीत स्प्रिंग. तेल पांढऱ्या ट्रेमध्ये काढून ठेवलं, तर थोड्या वेळाने तळाशी रंगाचे काळे पापुद्रे बसले. स्प्रिंग नखाने खरवडली आणि रंगाखालून निघाली ती गाडीसोबत आलेली कंपनीचीच स्प्रिंग. फोर्कच्या दुसऱ्या पायातही, म्हणजे दुसऱ्या नळीतही, तेच.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. पीव्हीसीचा तुकडा दिसला म्हणजे फसवणूक झालीच, असं नाही. चांगल्या कंपन्यांच्या स्प्रिंग किटमध्येही स्पेसर म्हणून पाइप योग्य मापाला कापून घालायला सांगतात, आणि तो नीट काटकोनात कापून वर-खाली वॉशर दिला तर वर्षानुवर्षं टिकतो. इथे फसवणूक आहे ती पाइप घालून स्प्रिंगचे पैसे घेतले याची.

मग ६३चा आकडा कसा जुळला? याचं उत्तर प्रीलोडमध्ये, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेल्या दाबात, आहे. स्पेसर घातल्याने स्प्रिंग आधीच २५ मिलिमीटर दाबली जाते, त्यामुळे गाडी तेवढी वर उचलली जाते. पण स्प्रिंगचा ताठरपणा तसूभरही वाढत नाही. आधी एक मिलिमीटर दाबायला जितका जोर लागत होता, तितकाच नंतरही लागतो. गाडी उभी छान दिसते, ब्रेकमध्ये आणि खड्ड्यात मात्र जवळपास पूर्वीसारखीच खाली जाते. वर आणखी एक धोका: पूर्ण चालीच्या शेवटी स्प्रिंग आता २५ मिलिमीटर जास्त दाबली जाणार. तेवढी जागा नसेल तर वेटोळी एकमेकांना टेकतात आणि चाल पूर्ण होण्याआधीच लोखंडावर लोखंड आपटतं. ‘ठक्’ आवाज मात्र उलट टोकाचा होता. गाडी स्वतःच्या वजनाने फारशी खाली बसतच नव्हती, त्यामुळे चाक खाली सुटलं की फोर्क पूर्ण उघडून वरच्या टोकाला आदळायचा.

नशिबाने या मालकाने काम करण्याआधीचे आकडे लिहून ठेवले होते. आधी: गाडीच्या स्वतःच्या वजनाने सॅग ३८, स्वारासकट ८८. नंतर: १३ आणि ६३. दोन्ही आकडे बरोबर २५ने कमी, म्हणजे पाइपच्या लांबीइतकेच. आणि दोन्हींमधली तफावत आधीही ५०, नंतरही ५०.

ही तफावत म्हणजे या सगळ्या प्रकरणाची किल्ली आहे. स्वार बसल्यावर गाडी आणखी किती खाली जाते, हे फक्त दोन गोष्टींवर ठरतं: स्वाराचं वजन आणि स्प्रिंगचा ताठरपणा. प्रीलोडने दोन्ही सॅग एकत्रच वर-खाली होतात, तफावत हलत नाही. खरोखर २५ टक्के ताठ स्प्रिंग बसली असती, तर ५०चे ४० झाले असते. मग स्वारासकट ६५ आणि स्वाराशिवाय २५ असा मेळ बसला असता. नुसत्या गाडीचा सॅग चालीच्या १० ते १५ टक्के हवा, त्यात २५ बसतो, १३ बसत नाही. म्हणून दुकानदार फक्त स्वारासकटचा सॅग मोजून दाखवत असेल, तर ते अर्धंच माप आहे. दुसरं माप तुम्ही स्वतः मागा.

मोजायला टेप आणि दोन माणसं लागतात. पुढचं चाक हवेत उचलून फोर्क धरणाऱ्या खालच्या क्लॅम्पपासून चाकाच्या अक्षापर्यंतचं अंतर घ्या, हे पहिलं माप. गाडी जमिनीवर उभी धरून तेच अंतर, हे दुसरं. नेहमीचं सगळं सामान अंगावर घालून, पाय फूटपेगवर ठेवून बसल्यावरचं तिसरं. पहिल्यातून दुसरं वजा केलं की गाडीचा सॅग, पहिल्यातून तिसरं वजा केलं की स्वारासकटचा. फोर्कमध्ये घर्षण असतं, त्यामुळे एकाच वेळच्या मापावर विसंबू नका. एकदा हँडल दाबून हळूच सोडा आणि मोजा, एकदा वर उचलून हळूच सोडा आणि मोजा, दोन्हींची सरासरी घ्या. टाकीतलं पेट्रोल आणि टायरची हवा आधी-नंतर सारखी ठेवा. मागे मडगार्डवर एक खूण करून तिच्यापासून अक्षापर्यंत असंच. एक अपवाद लक्षात ठेवा: गाडीचा स्वतःचा सॅग शून्य येत असेल, तर तफावतीचा आकडा खोटा येतो आणि जुनी स्प्रिंगही ताठ भासते. आधी प्रीलोड कमी करून किमान १० मिलिमीटर सॅग येऊ द्या, मग तुलना करा.

पाइप आणि रंग हा सगळ्यात स्वस्त प्रकार झाला. याहून वाईट म्हणजे कापलेली स्प्रिंग. स्प्रिंगची काही वेटोळी कापली की ती खरोखर ताठ होते, कारण उरलेल्या कमी वेटोळ्यांना तेवढंच दबावं लागतं. म्हणून तफावतीच्या परीक्षेत ती पास होते. पण मूळ टोक बंद आणि सपाट घासलेलं असतं, कापलेलं टोक उघडं आणि धारदार. ते वॉशरवर तिरकं बसतं, स्प्रिंग एका बाजूला फुगते आणि नळीच्या आतल्या भिंतीला घासते. तेलात बारीक चकाकणारी कीस दिसू लागते, ती बुशिंग आणि सील खाते. ग्राइंडरने कापताना टोक निळं-तपकिरी झालेलं असेल तर तिथल्या पोलादाचा ताव गेला, असं समजा. शिवाय वेटोळी कमी झाली की पूर्ण चालीत उरलेल्यांवरचा ताण वाढतो आणि काही महिन्यांत स्प्रिंग ढिली पडते. नव्या स्प्रिंगचे पैसे घेऊन हे करणं म्हणजे चांगला भाग खराब करून देणं. एकाच पायात स्प्रिंग बदलून दोन्हीचे पैसे लावणंही चालतं, म्हणून दोन्ही बुचं उघडून पाहा.

जाड तेल हा तिसरा प्रकार, आणि यात प्रामाणिक मेकॅनिकचाही गोंधळ होतो. १० नंबरऐवजी २० नंबरचं तेल भरलं की दाबताना फोर्क जड लागतो, गिऱ्हाइकाला वाटतं काम झालं. तेल वजन पेलत नाही, ते फक्त हालचालीचा वेग रोखतं. सॅग जिथल्या तिथे राहतो. लागोपाठ खड्डे आले की जाड तेलामुळे फोर्क वेळेत परत उघडत नाही, प्रत्येक खड्ड्यागणिक थोडा खालीच राहतो आणि शेवटी दगडासारखा होतो. तेलाची पातळी वाढवण्याचा उपाय खरा आहे, पण मर्यादित: वरची हवा कमी होते आणि चालीच्या शेवटच्या भागात ती जास्त दाबली जाते. पातळी नेहमी स्प्रिंग बाहेर काढून, फोर्क पूर्ण दाबून, नळीच्या वरच्या कडेपासून मोजायची. मॅन्युअलच्या आकड्यापेक्षा ५-१० मिलिमीटर वर-खाली ठीक. त्याहून फार वर नेलं तर हवेचा दाब ऑइल सील फोडतो. तेलाच्या डब्यावरचा ‘१०डब्ल्यू’ वेगवेगळ्या कंपन्यांत सारखा नसतो. खरी तुलना ४० अंश तापमानाला दिलेल्या सेंटिस्टोकच्या (तेलाच्या घट्टपणाच्या एककातल्या) आकड्याची.

मागच्या शॉकअपचं ‘गॅस रिफिलिंग’ आणखी आंधळं काम आहे, कारण उघडून पाहता येत नाही. गॅस शॉकअपमध्ये साधारण १० बारच्या आसपास नायट्रोजन असतो, तेही आधी तेल बदलून, आतली हवा काढून भरायचा असतो. टायरवाल्याकडचं नायट्रोजन मशीन टायरच्या दाबासाठी असतं. परीक्षा सोपी आहे. गॅरेजमध्ये स्प्रिंग काढून घ्या आणि दांडा हाताने आत ढकला. गॅस असेल तर तो आपोआप, सावकाश, अखंड बाहेर येतो. आत ढकलला तिथेच बसला किंवा मध्येच मोकळा सुटला, तर गॅस नाही किंवा तेलात हवा शिरली आहे. बाजूला तेल-गॅसचा डबा लावलेले स्वस्त शॉकअप विकले जातात, त्यातले काही डबे नुसते शोभेचे असतात. डबा आणि शॉकअप यांच्यामध्ये तेलाचा मार्ग आहे का, तळाशी व्हॉल्व्ह किंवा गॅसचं बूच आहे का, हे बघा. रिबाउंडची (शॉकअप किती वेगाने परत उघडतो ते ठरवणारी) घुंडी पूर्ण बंद आणि पूर्ण उघडी करून मागची सीट दाबून सोडा. वर येण्याच्या वेगात फरक पडला नाही, तर घुंडीच्या आत काहीही नाही.

रंगावर कधीच जाऊ नका. ओहलिन्स या सस्पेन्शन कंपनीचा पिवळा आणि हायपरप्रो कंपनीचा जांभळा रंग कोणत्याही पावडर कोटिंगवाल्याकडे मिळतो. स्प्रिंग ओळखायची ती व्हर्नियरने, म्हणजे बारीक माप घेणाऱ्या कॅलिपरने. ताठरपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणून बाहेरचा व्यास आणि वेटोळी तीच ठेवून तार ४.३वरून ४.५ मिलिमीटर केली, की स्प्रिंग २० टक्क्यांहून जास्त ताठ होते. मापण्याआधी तेवढ्या जागेचा रंग खरवडा. पावडर कोटिंगची जाडी दोन्ही बाजूंनी मिळून ०.१ ते ०.२ मिलिमीटर भरते आणि जुनी तार नवीसारखी मोजली जाते. फोर्कच्या आतली स्प्रिंग तेलात बुडालेली असते, तिला अशा जाड रंगाची गरजच नसते. तो दिसला की प्रश्न विचारा.

त्याहून पक्की परीक्षा काट्यावर होते. स्प्रिंग वजनकाट्यावर उभी ठेवा, आत एक गुळगुळीत दांडा घाला म्हणजे ती वाकणार नाही, आणि लेथवाल्याकडच्या प्रेसने किंवा ड्रिल मशीनच्या दांड्याने ५० मिलिमीटर दाबा. काट्यावरचे किलो गुणिले ९.८१, भागिले ५०: हा न्यूटन प्रति मिलिमीटरमधला ताठरपणा. ५चा आकडा यायचा असेल तर काटा साडेपंचवीस किलोच्या आसपास दाखवेल. मागची स्प्रिंग फार ताठ असते, ती १० मिलिमीटरच दाबा आणि भागाकारही १०नेच करा. ती घरी मोकळी करू नका. स्प्रिंग कॉम्प्रेसरशिवाय सुटली तर हात मोडते.

पैसे देण्याआधी बिलावर या गोष्टी लिहून घ्या: स्प्रिंगची कंपनी आणि पार्ट नंबर, न्यूटन प्रति मिलिमीटर, मोकळी लांबी, तेलाचं नाव, प्रत्येक पायात किती मिली, पातळी किती. ‘हेवी ड्यूटी’ हे माप नव्हे. आणि जुन्या स्प्रिंग परत मागा. त्या तुमच्या मालकीच्या आहेत. ‘फेकून दिल्या’ असं उत्तर मिळालं, तर त्या गाडीतच असण्याची शक्यता धरून चाला.

फसवणूक झालीच असेल, तर गाडी पहिल्या दुकानात परत उघडू देऊ नका. दुसऱ्या मेकॅनिकसमोर, ओडोमीटर आणि नंबरप्लेटपासून सुरुवात करून, बूच उघडण्यापासून स्प्रिंगच्या मापापर्यंत सलग व्हिडिओ घ्या. त्याच्याकडून लेटरहेडवर मापं लिहून घ्या. मग दुकानाला लेखी नोटीस, पंधरा दिवसांची मुदत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. ग्राहक संरक्षण कायदा २०१९नुसार जिल्हा आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. बिल द्यायला नकार देणं हीसुद्धा त्याच कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे, त्यामुळे बिल नसेल तर यूपीआयची नोंद आणि व्हॉट्सॲपवरचं बोलणं जपा. पाइपचे तुकडे, रंगाचे पापुद्रे आणि काढलेलं तेल एका बाटलीत तारीख घालून ठेवा, आणि स्प्रिंगवरचा उरलेला रंग मात्र पुसू नका.