घरोघरचे पॅनेल की वाळवंटातला प्रकल्प?

परकीय मदतीतून सौरऊर्जा वाढवताना मोरोक्को आणि बांगलादेश यांनी अगदी वेगळ्या वाटा धरल्या. मोरोक्कोने जागतिक बँक, जर्मनीची सरकारी विकास बँक केएफडब्ल्यू आदींच्या सवलतीच्या कर्जांवर वाळवंटाच्या कडेच्या वार्झाझात शहराजवळ ‘नूर’ हे सौरऊर्जा संकुल उभारले. त्याचा आरशांनी सूर्याची उष्णता गोळा करणारा 160 मेगावॉटचा पहिला टप्पा 2016 मध्ये सुरू झाला, आणि वितळलेल्या क्षारांत साठवलेल्या उष्णतेवर तो सूर्यास्तानंतरही सुमारे तीन तास वीज देऊ शकतो. मात्र ही वीज महाग पडते, आणि ती चढ्या दराने विकत घेऊन कमी दराने विकल्यामुळे येणारी तूट सरकारला भरून काढावी लागते.

बांगलादेशात 2003 पासून इडकॉल या सरकारी वित्तसंस्थेने घरगुती सौरसंचांसाठी (पॅनेल आणि बॅटरी) देणगीदारांचा पैसा स्थानिक संस्थांमार्फत खेड्यांत पोहोचवला. अनुदान टप्प्याटप्प्याने कमी होत गेले, उरलेली किंमत कुटुंबे हप्त्यांनी फेडत, आणि बऱ्याचदा बॅटरी तपासायला येणारा माणूसच हप्ताही घेऊन जाई. 40 लाखांहून अधिक सौरसंच बसले ते या व्यवस्थेमुळे, निव्वळ देणगीमुळे नव्हे. वीज न पोहोचलेल्या खेड्यांसाठी मला हीच वाट उजवी वाटते, कारखाने चालवायचे असतील तर अर्थातच नाही. पुढे सरकारनेच दुसऱ्या योजनांतून पॅनेल फुकट वाटले, ग्रिडची वीजही दारात आली, आणि हप्त्यांची वसुली ढासळली.