ग्रामपंचायतीतलं सेवा केंद्र: दाखला पटकन मिळतो, नोंद मात्र आधी तपासा

महाराष्ट्रातल्या बहुतेक ग्रामपंचायतींत आता एक टेबल, एक संगणक, एक प्रिंटर आणि केंद्रचालक असतो. भिंतीवर पाटी असते ‘आपले सरकार सेवा केंद्र’. त्याआधी 2011 पासून हेच काम ‘संग्राम’ या नावानं चालायचं. हे परीक्षण या टेबलावर मिळणाऱ्या सेवेचं आहे: दाखले, घरपट्टी, घराचा उतारा, आणि त्याच्या जोडीला मोबाईलवर दिसणारा पंचायतीचा हिशेब.

मत आधीच सांगायचं तर, नोंदवहीत जे नीट लिहिलेलं आहे ते कागदावर उतरवून द्यायला ही सेवा आता चांगली झाली आहे. नोंदच चुकलेली किंवा जुनी असेल तर केंद्रचालकाच्या हातात काही नसतं. लोकांच्या चकरा होतात त्या इथेच.

दाखल्यांपासून सुरू करू. लोकसेवा हक्क अधिनियम 2015 खाली ग्रामपंचायतीच्या मुख्य सेवा सात आहेत: जन्म नोंद, मृत्यू नोंद, विवाह नोंदणी, दारिद्र्यरेषेखालील असल्याचा दाखला, येणे बाकी नसल्याचा दाखला, नमुना 8 चा म्हणजे घराचा उतारा आणि निराधार असल्याचा दाखला. जन्म-मृत्यूचा दाखला आणि उतारा यांना 5 दिवसांची मुदत आहे, विवाह नोंदणीला 7 आणि निराधार दाखल्याला 20, कारण त्यात चौकशी करावी लागते. दाखल्याची फी साधारण 20 रुपये. मुदत, फी आणि अपील कुणाकडे करायचं हे सगळं कार्यालयातल्या फलकावर लावणं बंधनकारक आहे. फलक नसेल तर तिथूनच तक्रार सुरू होते.

इथे एक गोष्ट कटाक्षानं करावी. अर्ज दिला की त्याची पोच घ्यावी, त्यावर अर्ज क्रमांक आणि तारीख असावी. ‘भाऊ, परवा या, करून ठेवतो’ असं तोंडी उत्तर मिळालं तर कायद्याच्या दृष्टीनं अर्ज झालेलाच नसतो आणि मुदतही सुरू होत नाही. पोच हातात असेल आणि मुदत टळली, तर 30 दिवसांत पहिलं अपील करता येतं, नंतर दुसरं, आणि शेवटी राज्य लोकसेवा हक्क आयोगाकडे जाता येतं. कारण नसताना विलंब केला असं ठरलं तर अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये शास्ती होऊ शकते. अपिलापर्यंत जायची वेळ फारशी येत नाही. पोच मागितली की बहुतेक काम मार्गी लागतं.

केंद्रचालक दाखला तयार करतो, सही त्याची नसते. सही ग्रामसेवकाची, म्हणजे 2024 पासूनच्या नावानं ग्रामपंचायत अधिकाऱ्याची. बऱ्याच ठिकाणी एका अधिकाऱ्याकडे दोन-तीन गावांचा कार्यभार असतो. त्यामुळे टेबल रोज उघडं दिसलं तरी सही ठरलेल्या वारीच होते. ते वार विचारून ठेवले तर निम्म्या चकरा वाचतात. रहिवासी, हयात, विभक्त कुटुंब असे काही दाखले आता ग्रामपंचायत देत नाही, त्यांच्या जागी अर्जदाराचं स्वयंघोषणापत्र चालतं. तरीही कुठल्या तरी कचेरीत ‘ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला आणा’ असं सांगून माणसाला परत पाठवतात. अशा वेळी स्वयंघोषणापत्र देऊन, ते का चालत नाही हे लेखी मागावं.

जन्म-मृत्यूच्या नोंदीत सर्वांत जास्त घोळ होतो तो ठिकाणाचा. घटना जिथे घडली तिथे नोंद होते, माणूस राहतो तिथे नाही. बाळंतपण तालुक्याच्या दवाखान्यात झालं असेल तर नोंद त्या नगरपरिषदेत, शहरातल्या इस्पितळात मृत्यू झाला असेल तर महापालिकेत. गावच्या रजिस्टरात ते नाव सापडणारच नाही, कितीही पानं उलटली तरी. घरी जन्म झाला असेल तर 21 दिवसांच्या आत कळवावं, त्यासाठी पैसे पडत नाहीत. 21 ते 30 दिवसांत विलंब फी, त्यानंतर वर्षाच्या आत वरिष्ठांची परवानगी, आणि वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. पूर्वी यासाठी न्यायालयात जावं लागे. 1 ऑक्टोबर 2023 पासून लागू झालेल्या दुरुस्तीनं हे काम जिल्हाधिकारी, प्रांत किंवा त्यांनी नेमलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे आलं. त्याच तारखेपासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदार नोंदणी यांसाठी जन्मदाखला हाच आधार ठरणार आहे, म्हणून आताच्या आईबापांनी नोंद ढिली सोडू नये. बाळाचं नाव ठरलं नसलं तरी नोंद अडत नाही. नाव वर्षभरात विनाशुल्क घालता येतं आणि फी भरून 15 वर्षांपर्यंत. स्पेलिंग चुकलं तर मूळ नोंद खोडत नाहीत, पुरावा पाहून समासात दुरुस्ती लिहितात. शाळेचा दाखला, आधार आणि जन्मदाखला यांत वडिलांचं नाव तीन तऱ्हेचं असेल तर आधी जन्मनोंद दुरुस्त करावी, बाकीचे कागद तिच्यावरून बदलतात.

आता नमुना 8. या सेवेचा खरा कस इथे लागतो.

सुरुवात नावाच्या गोंधळापासून. तलाठ्याकडचा ‘8-अ’ हा शेतजमिनीचा खातेउतारा आणि ग्रामपंचायतीचा ‘नमुना 8’ म्हणजे घराच्या करआकारणीची नोंदवही. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. बँकेनं ‘आठचा उतारा’ मागितला की कुठला ते विचारूनच निघावं. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर वारसनोंद झाली म्हणून घर आपोआप मुलांच्या नावावर होत नाही. ग्रामपंचायतीत वेगळा अर्ज द्यावा लागतो. अनेक घरं वीस वर्षांनंतरही आजोबांच्या नावावर दिसतात त्याचं कारण हेच.

उतारा हातात आला की टेबलापाशीच उभं राहून सावकाश वाचावा. मालमत्ता क्रमांकानंतर दोन वेगळे रकाने असतात: मालकाचं नाव आणि भोगवटादाराचं, म्हणजे प्रत्यक्ष वापर करणाऱ्याचं नाव. मालकाच्या जागी शासन किंवा ग्रामपंचायत असेल आणि आपलं नाव फक्त भोगवटादारात असेल, तर तो कर भरणारा म्हणून केलेला उल्लेख आहे. पुढे बांधकामाचा प्रकार, बांधकामाचं वर्ष, लांबी-रुंदी, क्षेत्रफळ, भांडवली मूल्य आणि कर. यातले तीन रकाने बोट ठेवून तपासावेत.

पहिला क्षेत्रफळाचा. 2015 च्या अखेरीपासून घरपट्टी भांडवली मूल्यावर आकारतात. जमिनीचा दर गुणिले क्षेत्रफळ, त्यात बांधकामाचा दर गुणिले क्षेत्रफळ गुणिले घसारा (घर जुनं होईल तसा कमी होणारा आकडा) मिळवायचा, बेरजेला वापराच्या भारांकानं (निवासी, व्यापारी अशा वापराप्रमाणे ठरलेल्या आकड्यानं) गुणायचं आणि त्यावर हजारी कराचा दर लावायचा. दर चौरस मीटरचे असतात, गावात मोजमाप होतं फुटात. समजा घर 30 बाय 20 फूट आहे, म्हणजे 600 चौरस फूट, म्हणजे 55.74 चौरस मीटर. समजा जमिनीचा दर 600 रुपये, बांधकामाचा 15,000, घसारा 0.7, निवासी भारांक 1 आणि कर हजारी 1 रुपया. जमिनीचे 33,444 आणि बांधकामाचे 5,85,270 मिळून 6,18,714 रुपये मूल्य, कर साधारण 619 रुपये. मीटरच्या रकान्यात चुकून 600 च टाकले तर तोच कर 6,660 होतो. अशी चूक संगणक पकडत नाही, घरमालकालाच पकडावी लागते.

दुसरा रकाना बांधकामाच्या वर्षाचा. तो कोरा असेल किंवा दुरुस्तीचं वर्ष बांधकामाचं म्हणून लागलं असेल तर घसारा मिळत नाही आणि 40 वर्षांचं घर नव्या घरासारखं आकारलं जातं. तिसरा वर्णनाचा. मातीच्या भिंती आणि पत्रा असलेल्या घराला आर.सी.सी. लिहिलं, किंवा पुढच्या खोलीत कधीकाळी दुकान होतं म्हणून व्यापारी भारांक तसाच राहिला, तर कर वाढतो. आकारणी दर चार वर्षांनी सुधारतात, यादी प्रसिद्ध होते आणि हरकती मागवतात. लेखी हरकत देण्याची वेळ तीच. त्यानंतरही आकारणी मान्य नसेल तर पंचायत समितीकडे अपील आहे.

नावबदलासाठी अर्जाला जोडायचे कागद: खरेदीखत, बक्षीसपत्र किंवा वाटणीपत्र, वारसाचं प्रकरण असेल तर मृत्यूचा दाखला आणि सर्व वारसांचं प्रतिज्ञापत्र, शिवाय चालू वर्षापर्यंतच्या करपावत्या. मग हरकतीची नोटीस निघते आणि विषय मासिक सभेपुढे जातो. ठराव झाल्यावरच नोंद बदलते, आणि शेऱ्यात ठराव क्रमांक व तारीख येते. काम अडतं ते तीन कारणांनी. कर थकलेला असतो. वारसांत बहिणींची नावं गाळलेली असतात आणि पुढे हरकत येते. किंवा अर्ज दप्तरात पडून राहतो आणि सभेच्या विषयपत्रिकेवर येतच नाही. पहिली दोन कारणं घरातच मिटवता येतात. बहिणींची नावं गाळणं तर बेकायदा आहेच, शिवाय अन्यायाचंही आहे. तिसऱ्यासाठी सभेआधी विषयपत्रिकेत आपला अर्ज आला का ते विचारावं, आणि सभा झाल्यावर ठरावाची नक्कल मागावी.

आणि हे ठळकपणे सांगायला हवं: नमुना 8 हा मालकीचा पुरावा नाही. ती कराची नोंद आहे. केवळ उताऱ्यावर विसंबून गावठाणातलं घर विकत घेणारे लोक फसतात. मालकीसाठी नोंदणीकृत दस्त पाहावा, आणि ‘स्वामित्व’ योजनेत ड्रोन मोजणी झालेल्या गावांत भूमी अभिलेख विभागाची मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड). गावठाणाच्या ड्रोन मोजणीचा पहिला प्रयोग पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात झाला होता. आपल्या गावाची मिळकत पत्रिका निघाली असेल तर तिच्यावरचं क्षेत्र आणि नमुना 8 वरचं क्षेत्र जुळतंय का ते आताच पाहावं. विकायच्या वेळी फरक निघाला की गिऱ्हाईक निघून जातं.

कर भरण्याची सोय बरी आहे. अनेक ठिकाणी क्यूआर कोड लावलेला असतो, ‘महा ई-ग्राम’ ॲपवरूनही भरता येतो. सप्टेंबरअखेरपर्यंत चालू वर्षाचा कर भरला तर 5 टक्के सूट मिळते, मार्चनंतर 5 टक्के दंड लागतो. पावती नमुना 10 ची असावी. तिच्यावर मागील बाकी आणि चालू मागणी वेगळी दिसते का, घरपट्टी, दिवाबत्ती आणि आरोग्य कर वेगळे लिहिलेत का ते पाहावं. नळाची विशेष पाणीपट्टी पाणीपुरवठा निधीच्या वेगळ्या खात्यात जाते, म्हणून तिची पावती निराळी घ्यावी. ऑनलाइन भरलेले पैसे नमुना 9 च्या मागणी नोंदवहीत चढायचे राहिले, तर पुढच्या बिलात तीच रक्कम थकबाकी म्हणून उगवते. तेव्हा मोबाईलवरचा व्यवहार क्रमांक कामी येतो, म्हणून तो जपून ठेवावा. कर वेळेवर देणाऱ्याला काहीतरी परत मिळालं तर वसुली किती सुधारते हे पाटोद्यानं दाखवलं आहे. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या या गावानं कर भरणाऱ्यांना दळण मोफत दिलं.

आता हिशेबाबद्दल. 24 एप्रिल 2020 ला सुरू झालेलं ई-ग्रामस्वराज पोर्टल आणि ‘मेरी पंचायत’ ॲप कुणालाही लॉगिनशिवाय बरंच काही दाखवतं. राज्य, जिल्हा, तालुका, गाव निवडलं की त्या वर्षीच्या आराखड्यातली कामं, मंजूर रक्कम आणि झालेला खर्च समोर येतो. केंद्रीय वित्त आयोगाच्या शिफारशीनं पंचायतीला येणारे पैसे आता रोख किंवा चेकनं निघत नाहीत, सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी या दोघांच्याही डिजिटल सह्या लागतात. 15 व्या वित्त आयोगात 2021 ते 2026 या काळासाठी 60 टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेला बांधलेली होती, 40 टक्के अबंधित, म्हणजे गावाच्या इतर गरजांसाठी मोकळी. म्हणून ‘सभामंडपाला पैसे का नाहीत’ याचं उत्तर पुष्कळदा या वाटणीत सापडायचं.

या पोर्टलची मर्यादाही लक्षात ठेवावी. कामांची नावं मोघम असतात, ‘गटार बांधकाम’ म्हटलं की कुठल्या आळीतलं ते कळत नाही. खर्चाची तारीख म्हणजे पैसे दिल्याची तारीख, काम पूर्ण झाल्याची नाही. गावाचं स्वतःचं उत्पन्न, म्हणजे घरपट्टी, बाजार फी, गाळ्यांचं भाडं, याचा तपशील इथून नीट समजत नाही. त्यासाठी ग्रामसभाच लागते.

ग्रामसभेची नोटीस 7 दिवस आधी निघते. गणपूर्ती मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 जण, यांपैकी जो आकडा कमी असेल तो. आर्थिक वर्षातल्या पहिल्या ग्रामसभेपुढे मागील वर्षाचा जमाखर्च, प्रशासन अहवाल आणि लेखापरीक्षणाचे शेरे त्यांच्या उत्तरांसह ठेवावे लागतात. पोर्टलवरून आपल्या वॉर्डातल्या दोन कामांच्या रकमा लिहून न्याव्यात आणि त्या कामांचं अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तिका दाखवायला सांगावं. उत्तर मिळालं नाही तर प्रश्न इतिवृत्तात लिहून घ्यायला लावावा, आणि नंतर 10 रुपयांच्या माहिती अधिकार अर्जात त्याच सभेच्या इतिवृत्ताचा उल्लेख करून त्या कागदांची नक्कल मागावी.